तोंडात टाचण्या असलेली

आमच्या ताई कमी बोलतात, असं गिऱ्हाइकं म्हणतात. गिऱ्हाइकांचं काय जातं म्हणायला. ताई बोलतात, पण बोलायची वेळ येते तेव्हा नेमक्या त्यांच्या तोंडात टाचण्या असतात. झग्याच्या खालच्या घेराला दुमड घालायची, कोटाची बाही वर घ्यायची, कंबर आवळायची, की ताई गुडघ्यांवर बसतात आणि ओठांत एका रांगेत अकरा टाचण्या धरतात. बारा कधी नाहीत, अकराच. मनगटाला बांधायची छोटी उशी मिळते, ती मी दोनदा आणून दिली. दोन्ही उशा खिडकीत पडून आहेत. मनगटाकडे बघायला मान वळवली की घेराची रेघ चुकते, असं त्यांचं म्हणणं. रेघ त्यांची आजवर चुकली नाही, हे मात्र मी शपथेवर सांगेन.

मी त्यांच्याकडे बावीस वर्षं काजं करते, बटणं लावते, हुक लावते आणि चुकलेली शिवण उसवते. औषधांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत कापायचं टेबल, दोन मशिनं, इस्त्री, उंच आरसा आणि डोकं नसलेले तीन पुतळे. आतल्या खोलीत ताईंचा संसार. संसार म्हणजे ताई आणि त्यांची मुलगी. नवरा काविळीनं गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. अंगानं किरकोळ, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे.

बारकी कापायच्या टेबलाखाली वाढली. चिंध्यांची माणसं करायची, खडूनं फरशीवर चित्रं काढायची. आईला काही विचारलं की आई ‘हं’ म्हणायची. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? मग मला विचारायची. मला येत असेल तर मी सांगायची, नाहीतर कामात आहे म्हणायची. घरात नियम एकच होता, अंथरलेल्या कापडावर पाय द्यायचा नाही. एकदा पावसातून आली ती तशीच पांढऱ्या कापडावरून चालत गेली. ताईंनी ते कापड तीनदा धुतलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. पोर दोन दिवस आईच्या मागे मागे फिरत होती. मला म्हणाली, मावशी, आई मला मारत का नाही? मी म्हटलं, तुला मार खायची एवढी हौस असेल तर मी आहे की. ती हसली नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. बारकी तेव्हा एकोणीस वर्षांची. स्टुलावर एक गिऱ्हाईक लांब कोट घालून उभं होतं आणि ताई खाली बसून घेर टाचत होत्या. बारकी दारात येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. कॉलेज सोडलंय म्हणाली. चित्रं काढायची आहेत, संगणकावरचे खेळ करायचे आहेत, एका लांबच्या शहरात शिकवणारी माणसं आहेत, त्यांनी बोलावलंय. आयुष्यात तिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, “आई, तू काहीतरी बोल.”

ताईंनी हात वर केला. थांब, असा. तोंडात टाचण्या होत्या आणि घेर अर्धा राहिला होता. बारकीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात एक बटण होतं आणि तोंड अगदी रिकामं होतं. मी मान खाली घालून बटण लावत राहिले. मायलेकींच्या मधे आपण कशाला, असं मनाला समजावलं. मूग गिळून गप्प बसायचं असलं की माणसाला शहाणपण बरोबर सुचतं. घेर पुरा होऊन ताईंनी तोंड मोकळं केलं तोवर बारकी आत गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पहिल्या वर्षी तिचे फोन यायचे. इकडे ताई फोन कानाला लावून उभ्या आणि तिकडे बारकीही गप्प, मग फोन बंद. पुढे फोन थांबले. आपण केला तर उचलायची नाही, ‘कामात आहे, मी ठीक आहे’ एवढं लिहून पाठवायची. चार वर्षं अशी गेली. ताईंना दुसरं काही नको होतं. पोरीनं एकदा आपल्याशी बोलावं, रागानं का होईना, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण बावीस वर्षं एका खोलीत बसल्यावर सगळंच काही सांगावं लागत नाही.

मग एक दिवस बँकेतल्या एक बाई झगा घालून बघायला आल्या. स्टुलावर उभ्या राहून म्हणाल्या, तुमच्या मुलीनं खेळ केलाय ना? आमच्याकडे दुपारच्या सुट्टीत सगळे तोच खेळतात. शेवटी नाव येतं, त्यात आडनाव तुमचंच. ताईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक नाही, सगळ्या एकदम मुठीत. दुमड अर्धी ठेवून त्यांनी टाचण्या काढलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

बारकीचा जुना संगणक आतल्या खोलीत झाकून ठेवलेला होता. ताई दर आठवड्याला तो पुसायच्या, चालू मात्र कधी केला नव्हता. बँकेतल्या बाईंनी सुट्टीच्या दिवशी येऊन तो चालू करून दिला, खेळ घालून दिला, कुठलं बटण दाबलं की चालायचं, कुठलं दाबलं की उडी मारायची ते दाखवलं. काजातली बटणं सोडून बाकी सगळ्या बटणांशी आमचा उभा दावा, पण शिकलो.

खेळाचं नाव ‘शिवलेलं दार’. बोटात घालायच्या अंगुस्तानाएवढी एक मुलगी शिवणकामाच्या खणात जागी होते आणि तिला घराबाहेर पडायचं असतं. बाहेरचं दार दोऱ्यानं शिवून टाकलेलं. वाटेत सगळी चमत्कारिक जनावरं. इस्त्रीच्या पाठीचं एक कासव आहे, ते वाफ सोडत येतं आणि सापडलात तर चपटं करून टाकतं. डोकं नसलेले पुतळे एका पायावर गरगर फिरतात आणि डोकं हवं म्हणून तुमचं मागतात. पाय फुटलेला एक आरसा आहे, तो तुम्ही जाल तिकडे आडवा येतो. टेपाचा साप आहे, तो माप घेता घेता आवळतो. कात्रीची दारं उघडमीट करतात, त्यांतून वेळ साधून निसटायचं. चित्रं इतकी सुरेख, की कासवानं चपटं केलं तरी वाईट वाटू नये. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, चित्रं, आवाज, सगळं एकटीनं केलं. ते ताईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा आम्ही खेळायचो. बटणं ताईंच्या हातात, आणि मी बाजूला बसून उंटावरून शेळ्या हाकायची. उडी मारा, अहो आता मारा, झालं, मेली बिचारी. ताई एरवी वीज चालावी तशी सुई चालवतात, पण त्या दोन बटणांपुढे त्यांचे हात लहान मुलासारखे व्हायचे. कासवानं त्यांना पहिल्या दिवशी सव्वीस वेळा चपटं केलं. त्या नुसतं म्हणायच्या, पुन्हा.

तिसऱ्या खोलीत आमचं घोडं अडलं. खोलीभर कापड अंथरलेलं, त्यावर खडूच्या खुणा, पलीकडे कात्रीचं दार. ताई कापडाच्या कडेकडेनं जायच्या. कडेला पुतळे गस्त घालत असायचे, ते धरायचे. एक दिवस, दोन दिवस, करता करता नऊ दिवस झाले. पुतळ्यांच्या वेळा आम्ही कागदावर लिहून काढल्या, तरी नाही. शेवटी बँकेतल्या बाईंना विचारलं. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो, कापडावरून सरळ जायचं, तिथं कोणीच नाही. आमच्याकडे यात कोणी अडकल्याचं ऐकलं नाही.

अंथरलेल्या कापडावर पाय द्यायचा, हे आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बँकेतल्या बाई गेल्यावर ताईंनी त्या मुलीला कापडाच्या कडेला आणून उभं केलं आणि बराच वेळ बटण दाबलं नाही. मग दाबलं. मुलगी चालायला लागली आणि तिच्या मागे पांढऱ्या कापडावर चिखलाची पावलं उमटत गेली. कोणी धरलं नाही, कोणी ओरडलं नाही. पलीकडे पोचल्यावर ताई उठून पाणी प्यायला गेल्या.

आता माझंही सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्याचंच उघडं करून बसले असं व्हायचं. चौथ्या खोलीत कोपऱ्यात एक गलेलठ्ठ जनावर बसलेलं आहे. त्याला डोळ्यांच्या जागी दोन बटणं. मला आधी वाटलं, हे आता अंगावर येणार. ते काही करत नाही. मुलगी समोर आली की बघतं, आणि जवळ गेली की मान खाली घालतं. बस. मी म्हटलं, हे कशाला ठेवलंय, याचा काय उपयोग? ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला कळलं. त्या दिवशी मी घरी जाऊन सुनेवर विनाकारण डाफरले आणि जेवले नाही. गलेलठ्ठ केलं त्याचं काही नाही, ती मी आहेच. पण त्या पोरीनं चार वर्षं माझी मान खाली घातलेली लक्षात ठेवली, त्याला मी काय करू?

शेवटच्या खोलीत ती असते.

छतापर्यंत उंच, गुडघ्यांवर बसलेली, हात कोपऱ्याकोपऱ्यात पोचतील एवढे लांब. तोंड नाहीच, तोंडाच्या जागी टाचण्यांची एक रांग. ताईंनी पडद्यावर बोट ठेवून मोजल्या. अकरा. ती एक न संपणारा घेर टाचत बसलेली असते, आणि तिच्या मागे ते शिवलेलं दार. ती वाकली की दाराचा एक टाका उसवायचा, ती सरळ झाली की जागच्या जागी थांबायचं. असे सात टाके. मधेच तिच्या समोर गेलात तर ती ‘हं’ करते, हात लांबवते आणि तुम्हाला घेरात टाचून टाकते.

तो ‘हं’ ताईंचा होता. कुठून आणला, कसा केला, देव जाणे.

एवढ्या खोल्या पार केल्यावर शेवटचं सोपं होतं. मीसुद्धा केलं असतं. पण ताई दाराकडे जाईनातच. मुलीला सरळ तिच्या समोर नेऊन उभं करायच्या. ती ‘हं’ करायची, हात यायचा, मुलगी टाचली जायची. पुन्हा तेच. मला वाटलं चुकतंय, मी म्हटलं, ताई, मागून जा. त्या म्हणाल्या, माहितेय. आणि पुन्हा समोर. चार दुपारी असं चाललं. त्या कीबोर्डावरचं एकेक बटण दाबून बघायच्या, जी बटणं खेळात लागतसुद्धा नाहीत ती. शेवटी मी विचारलं, काय शोधताय?

“टाचण्या काढायचं बटण,” त्या म्हणाल्या.

तसं बटण नव्हतं. मला खूप वाईट वाटलं आणि रागही आला, आणि राग कोणाचा तेही कळेना. पाचव्या दुपारी मीच कीबोर्ड ओढून घेतला आणि मागून जाऊन सातही टाके उसवले. म्हटलं, निदान शेवट तरी बघू. दार उघडलं, उजेड आला, मुलगी बाहेर गेली. बाहेर एक मोठं मैदान आणि आकाश होतं. दार उघडं राहतं आणि त्यातून आतली खोली दिसत राहते. ती तशीच वाकून टाचत असते. वर बघत नाही.

ताई म्हणाल्या, तिला कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, अहो, खेळ आहे तो. असं काहीतरी बोलावं लागतं म्हणून बोलले.

त्या खेळाचं इंटरनेटवर एक पान आहे, त्यावर खाली लोक लिहितात. कोणाला काय आवडलं, कोण कुठे अडकलं, आणि बारकी स्वतः उत्तरं देते. सगळ्यांना देते, अगदी नीट, गोड भाषेत. अनोळखी माणसांना एवढं लिहिते ही पोर, आणि आईला म्हणे कामात आहे. मी म्हटलं, ताई, तुम्ही लिहा की. त्या म्हणाल्या, माझं नाव बघितलं तर उत्तर द्यायची नाही. मग नाव न घालता लिहायचं ठरलं. नावाच्या जागी आम्ही ‘एक खेळणारी’ असं घातलं. ताईंनी सांगितलं आणि मी एका बोटानं टाइप केलं. ‘खेळ फार छान आहे. शेवटच्या खोलीतल्या बाईच्या तोंडातल्या टाचण्या काढता येतील असं काही करता येईल का?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. मी वाचून दाखवलं. ‘धन्यवाद. हे बऱ्याच जणांनी विचारलंय. मी एकदा तसं केलंही होतं, टाचण्या काढता यायच्या. पण त्यानंतर ती काय बोलेल, ते मला कितीही विचार केला तरी सुचलं नाही. म्हणून काढून टाकलं.’

ताईंनी ऐकलं आणि मशिनवर जाऊन बसल्या. मी म्हटलं, आता लिहा. एवढी सोन्यासारखी संधी आलीये. ती काय बोलेल ते तुम्हीच सांगा, मी लिहिते. त्यांनी मान हलवली. त्या दुपारी काही सांगितलं नाही, दुसऱ्या दुपारी नाही. तिसऱ्या दुपारी मी वैतागले. जरा चढ्या आवाजातच म्हटलं, चार वर्षं पोर बोलत नाही म्हणून झुरताय, आता तिनं विचारलंय तर तुमचं तोंड उघडत नाही. घरात कोणी नाही, गिऱ्हाईक नाही, तोंडात एक टाचणी नाही. बोला की.

ताई टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी खरंच प्रयत्न केला, मी बघत होते. ओठ हलले, थांबले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला तेव्हा कळलं, आणि मी ओरडले याची लाज वाटली. त्यांनी पोरीसाठी बोलणं कुठेतरी साठवून ठेवलं असेल आणि नुसतं बाहेर यायचं राहिलं असेल, असं मी इतकी वर्षं समजत होते.

“तिलाही सुचत नाही,” त्या म्हणाल्या. “असं लिही.”

मी लिहिलं. ‘तिलाही सुचत नाही.’ एवढंच.

त्याचं उत्तर लगेच आलं. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. बारकी तिकडे तेव्हा पडद्यासमोरच बसलेली असणार. पहिल्यासारखं लांब नव्हतं, धन्यवाद नव्हतं. ‘तुम्हाला कसं माहीत?’

मी वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

“रागानं विचारलंय की सहज?”

मी म्हटलं, अक्षरांवरून काय कळणार. तरी एकदा रागानं वाचून दाखवलं, मग सहज विचारावं तसं वाचलं, मग अगदी हळू, दारात उभं राहून कोणी विचारावं तसं वाचलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, यातलं बारकीसारखं कुठलं गं? मी आठवायला लागले. तिचा आवाज बारीक होता, एवढं आठवलं. ती बोलायची कशी, ते काही केल्या आठवेना. मी ताईंकडे बघितलं, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या, मी सांगेन म्हणून.